आधी विचारा, मग सांगा



आपल्या या वार्तापत्रात बेण्याची निवड, खताचे हप्ते, साखर उताऱ्याचे आकडे आणि वार्षिक सभेचा वृत्तांत वाचायची आपल्याला सवय आहे. या खेपेला मी जो विषय घेतला आहे तो पाहून काहींच्या कपाळाला आठ्या पडतील. “घरातल्या लेकीसुनांच्या हाती पडणाऱ्या अंकात हे कशाला?” असंही कोणी म्हणेल. त्यांना माझी विनंती एवढीच की, आधी शेवटपर्यंत वाचा आणि मग भेटाल तिथे मला चार शब्द सुनवा. विषय एचआयव्हीचा आहे, आणि तो आपल्या फडापर्यंत येऊन पोचलेला आहे.

मागच्या हंगामातली गोष्ट. पैनगंगेच्या काठच्या माझ्या उसाला टोळी लागली होती. टोळीत एक बाई होती, पलीकडच्या जिल्ह्यातली. मोळ्या बांधण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. कोप्या आमच्या विहिरीजवळच पडल्या होत्या, त्यामुळे पाण्याच्या निमित्तानं आमच्या घरच्यांची आणि तिची ओळख झाली. रोज रात्री जेवण झालं की ती कोपीच्या मागे जायची, लुगड्याच्या घडीतून एक डबी काढायची आणि अंधारातच एक गोळी घ्यायची. डबीवरचा कागद खरवडून काढलेला होता. एक दिवस तिनं आपण होऊन आमच्या घरच्यांना सांगितलं की ही गोळी कसली आहे.

पुढे व्हायचं तेच झालं. गोळ्या संपत आल्या. तिचं नाव ज्या केंद्रात होतं ते तिच्या जिल्ह्याच्या गावी. जायला-यायला दोन दिवस हवेत. आमच्या घरच्या म्हणाल्या, “अगं, मुकादमाला सांग आन् जाऊन ये.” त्यावर ती म्हणाली, “काय सांगू बाई, सुट्टी मांगाव तं कारण सांगा लागते. कारण सांगतलं का टोळीतून नाव कटते. अन् दोन दिवसाचा खाडा पडते तो येगळाच.” बाराएक दिवस ती गोळीशिवाय राहिली. टोळी दुसऱ्या शिवारात हलली, आणि पुढे काय झालं ते आम्हाला बऱ्याच दिवसांनी कळलं. ती बरी आहे. हे सगळं मी तिच्या परवानगीनं लिहितो आहे, आणि तिची ओळख पटेल असा एकही शब्द यात घातलेला नाही.

आता मला सांगा, या बाईला कोणती माहिती कमी होती? रोग कसा होतो हे तिला ठाऊक होतं. गोळी चुकवायची नाही हेही ठाऊक होतं. औषध सरकार फुकट देतं, तेही ती घेत होती. तिच्या गळ्याशी आला तो खाडा, आणि लोकांना कळेल ही भीती. आपल्या भिंतीवरच्या कुठल्याही फलकावर या दोन गोष्टींबद्दल एक ओळ लिहिलेली तुम्ही पाहिली आहे काय?

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी स्वतःचं सांगतो. वीसएक वर्षांपूर्वी आमच्या गावचा एक ट्रक ड्रायव्हर याच रोगानं गेला. मागे बायको आणि लहान मुलगा. मी भेटायला गेलो. तिनं चहा पुढे केला. “आताच घेऊन आलो,” असं म्हणून मी कप सरकवला. ते खोटं होतं. मी घरून काहीही न घेता निघालो होतो. चहातून, पाण्यातून, पंगतीतून हा रोग होत नाही हे मी तेव्हाही वाचलेलं होतं. चौथीतल्या पोरालाही ते पाठ होतं. तरी माझा हात कपाकडे गेला नाही.

माणसाला कळतं आणि तरी वळत नाही, असं आपण म्हणतो आणि गप्प बसतो. पण का वळत नाही, हा प्रश्न घेऊन काही लोक कामाला लागले. माणूस एखादी गोष्ट का करतो, कळूनही का करत नाही, हे त्याच्याजवळ बसून, त्यालाच विचारून शोधायचं, याला वर्तनाचा अभ्यास म्हणतात. शब्द जड आहे, पण गोष्ट आपल्या ओळखीची आहे. शेती खात्याचे साहेब वर्षानुवर्षं सांगत होते की बेणं प्रक्रिया करून लावा, पाचट जाळू नका, माती तपासून घ्या. आपण मान डोलवायचो, आणि घरी जाऊन बापजाद्यांनी केलं तेच करायचो. को ८६०३२ ही जात १९९६ साली आली, तेव्हा आपण ती भाषण ऐकून लावली की शेजाऱ्याच्या बांधावर उभं राहून, त्याच्या उसाला हात लावून लावली? प्रामाणिकपणे उत्तर द्या. साहेबांपेक्षा शेजाऱ्याच्या पिकावर आपला विश्वास जास्त. कारण शेजाऱ्याची जमीन आपल्यासारखी, पाणी आपल्यासारखं, कर्जही आपल्यासारखंच. त्यानं केलं आणि त्याला जमलं, तर मलाही जमेल. आरोग्याच्या बाबतीत माणूस काही वेगळा होत नाही.

हा रोग आपल्या देशात १९८६ साली चेन्नईत पहिल्यांदा सापडला. त्यानंतरची पहिली काही वर्षं घाबरवण्यात गेली. कवटी आणि दोन हाडं काढलेले फलक एसटी स्टँडवर लागले. ‘एड्स म्हणजे मरण’ असं लिहिलेलं मला आठवतं. हेतू चांगला असेल, पण परिणाम उलटा झाला. ज्याला शंका होती तो तपासायला जायचाच बंद झाला. मरणच लिहिलेलं असेल तर निदान लोकांना कळू न देता मरू, असा हिशेब त्यानं केला. आणि ज्याला शंका नव्हती त्यानं हा रोग ‘तसल्या’ माणसांचा आहे असं ठरवून टाकलं.

‘तसली’ माणसं कोण, याचा उलगडा आपल्याच पुण्यात झाला. पुण्याच्या गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्या बायकांचा अभ्यास डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि तो १९९७ साली अमेरिकेतल्या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. हे तेच डॉ. गंगाखेडकर, ज्यांना आपण सर्वांनी २०२० साली करोनाच्या दिवसांत टीव्हीवर रोज पाहिलं. त्या अभ्यासात ज्या बायका धंद्यात नव्हत्या, त्यांच्यातही शंभरात तेरा-चौदा जणींना एचआयव्हीची लागण झालेली निघाली. त्यातल्या बहुतेक लग्नाच्या होत्या, आणि नवऱ्याखेरीज दुसरा पुरुष त्यांना माहीत नव्हता. आता अशा बाईला ‘एकनिष्ठ राहा’ असा फलक दाखवून उपयोग काय? ती राहिलीच होती. तिला विचारल्याशिवाय ही गोष्ट कोणाच्या डोक्यात आली असती का? देवधर्म करणाऱ्या घरातही हा रोग उंबरठा ओलांडून येऊ शकतो हे त्या दिवशी कागदावर आलं.

आता मी तुम्हाला थोडं लांब, कलकत्त्याला नेतो. तिथे सोनागाछी नावाची मोठी वस्ती आहे, देहविक्रय करणाऱ्या बायकांची. १९९२ साली डॉ. स्मरजित जाना नावाचे सार्वजनिक आरोग्याचे डॉक्टर तिथे पाहणी करायला गेले. निरोधचा वापर तेव्हा शंभरात तीनच्या आसपास होता. डॉक्टरांनी शहाणपणा असा केला की, बाहेरून उपदेश करणारी माणसं आणली नाहीत. वस्तीतल्याच बायकांना शिकवलं, त्यांनाच मानधन दिलं आणि त्यांनाच दारोदार पाठवलं. त्या बायकांनी परत येऊन जे सांगितलं ते डॉक्टरी पुस्तकात नव्हतं. त्या म्हणाल्या, निरोध वापरला पाहिजे हे आम्हाला कळतं, पण गिऱ्हाईक नाही म्हणालं तर त्याला परत पाठवायची आमची ऐपत नाही. डोक्यावर सावकाराचं कर्ज आहे, व्याज भरमसाट आहे, पोराच्या शाळेची फी भरायची आहे. बँक आम्हाला दारात उभं करत नाही.

थोडक्यात, रोगाचं मूळ सावकाराच्या वहीत निघालं.

मग त्या बायकांनी काय केलं असेल? सभासद बंधूंनो, त्यांनी सहकारी संस्था काढली! १९९५ साली ‘उषा’ नावाची बहुउद्देशीय सहकारी संस्था उभी राहिली. नोंदणीच्या वेळी अडचण आली की सभासद सच्छील असला पाहिजे अशी अट त्या राज्याच्या कायद्यात होती. गृहिणी म्हणून नोंद करा, प्रश्न मिटेल, असंही त्यांना सुचवण्यात आलं. बायकांनी ते मानलं नाही. आम्ही जे आहोत तेच लिहू, असा हट्ट धरला आणि सरकारला ती अट बाजूला सारायला लावली. बचत तिथे, कर्ज तिथे, निरोधची विक्रीही त्या संस्थेमार्फत. गाठीला चार पैसे आले तशी ‘नाही’ म्हणायची ताकद आली. तीन टक्क्यांवरचा निरोधचा वापर त्याच दशकाच्या अखेरीला ऐंशी टक्क्यांच्या वर गेला. मुंबईच्या वस्त्यांत त्याच काळात निम्म्याहून अधिक बायका बाधित झाल्या, सोनागाछीत मात्र हा आकडा पुष्कळच खाली राहिला. डॉ. जाना २०२१ साली करोनानं गेले. त्यांनी उभं केलेलं काम त्या बायका चालवतात.

ही हकीकत मी मुद्दाम सहकाराच्या अंकात सांगतो आहे. पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांना बरोबर घेऊन प्रवरेच्या काठी पहिला सहकारी साखर कारखाना उभा केला तेव्हा दुखणं काय होतं? शेतकरी आळशी होता म्हणून तो गरीब होता काय? दुखणं सावकारीचं आणि गुळाच्या बाजारात होणाऱ्या नाडवणुकीचं होतं. त्यांनी शेतकऱ्याला ‘काटकसर करा’ असं व्याख्यान दिलं नाही, त्याच्या हाती कारखाना दिला. सोनागाछीच्या बायकांनी केलं ते याच जातीचं काम आहे. आपण त्यांच्याकडे पाहून नाक मुरडायचं की त्यांना सहकारातल्या भगिनी म्हणायचं, हे ज्यानं त्यानं ठरवावं. मी माझ्यापुरतं ठरवलेलं आहे.

कलकत्ता लांब वाटत असेल तर सांगली घ्या. उसाचा आणि साखर कारखान्यांचा जिल्हा. तिथे १९९२ साली मीना शेषू यांच्या ‘संग्राम’ संस्थेनं काम सुरू केलं. तिथल्या गोकुळनगरच्या वस्तीतल्या बायका आधी निरोध वाटणाऱ्या झाल्या, मग दवाखान्यात आजारी मैत्रिणीबरोबर जाणाऱ्या झाल्या, आणि १९९६ साली त्यांनी ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ या नावानं स्वतःची संघटना बांधली. गावोगावच्या घरंदाज बायकांमध्येही या संस्थेनं काम नेलं, कारण पुण्याच्या अभ्यासानं दाखवलेलं दुखणं सांगलीच्या खेड्यातही होतंच. तिकडे अमेरिकेत डेन्व्हर शहरात १९८३ सालीच रोग्यांनी जाहीर केलं होतं की आमच्याबद्दल जिथे काही ठरणार असेल तिथे आम्हाला बसायला जागा पाहिजे. डेन्व्हर, सोनागाछी, सांगली, तिन्ही ठिकाणची माणसं एकमेकांना ओळखत नव्हती. पण मागणं एकच होतं.

आता औषधाचं सांगतो, म्हणजे माझ्या फडावरच्या त्या बाईच्या बारा दिवसांचं मोल तुमच्या ध्यानात येईल. १ एप्रिल २००४ पासून आपल्या देशात सरकारनं एचआयव्हीचं औषध मोफत द्यायला सुरुवात केली. आधी फार आजारी पडलेल्यालाच ते मिळायचं. २०१७ पासून तपासणीत लागण निघाली की लगेच औषध सुरू करतात. बहुतेकांना आता दिवसाला एकच गोळी पुरते. गोळी नेमानं घेतली तर माणूस तुमच्या-माझ्यासारखा काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो.

याहून मोठी गोष्ट २०११ साली कळली. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांचा एक अभ्यास झाला. जोडप्यातल्या एकाला लागण, दुसऱ्याला नाही, अशी ही जोडपी होती. त्यात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेकडची जोडपीही होती. ज्यांना लवकर औषध सुरू केलं त्यांच्यापासून जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी कमी झालं. पुढच्या अभ्यासांनी तर असं दाखवलं की गोळी चालू ठेवून रक्तातला विषाणू तपासणीत सापडणार नाही इतका खाली राहिला, तर शरीरसंबंधातून दुसऱ्याला लागण होतच नाही. आईनं गरोदरपणात वेळेवर औषध घेतलं तर बाळाला लागण होण्याचा धोकाही शंभरात पाचाच्या खाली आणता येतो. औषध नसेल तर तो शंभरात पंधरापासून पंचेचाळीसपर्यंत जातो.

म्हणजे गोळी ही त्या बाईचं औषध आहेच, शिवाय तिच्या नवऱ्याचं आणि उद्याच्या लेकराचंही रक्षण आहे. ती मध्येच बंद पडली की विषाणू पुन्हा डोकं वर काढतो आणि आज चालणारं औषध उद्या लागू न पडण्याची पाळी येऊ शकते. डॉक्टरांनी आपलं काम केलं, सरकारनं गोळी फुकट केली. आता घोडं अडलं आहे ते एका खाड्याशी. तिथे डॉक्टर काही करू शकत नाही. तिथे मुकादम, शेतकरी आणि कारखाना करू शकतो.

याला काही जण हरकत घेतील. त्यांच्या हरकती मी आधीच ऐकलेल्या आहेत.

पहिली हरकत अशी की आता हा रोग राहिलाय कुठं? कमी झाला आहे हे खरं आहे, आणि त्याचा आनंदच आहे. पण अजूनही देशात सुमारे पंचवीस लाख माणसं एचआयव्हीसह जगत आहेत, आणि त्यांत सर्वांत जास्त आपल्या महाराष्ट्रातली, चार लाखांच्या आसपास. ती दिसत नाहीत, कारण ती डबीवरचा कागद खरवडून ठेवतात.

दुसरी हरकत तावातावानं येते. “हा रोग टोळ्यांबरोबर येतो. टोळी उतरली की सगळ्यांची सक्तीनं तपासणी करा, म्हणजे झालं.” असं म्हणणाऱ्याला मी विचारतो की, उसाचं बिल हातात पडल्यावर शहरात चार दिवस ‘कामानिमित्त’ राहून येणारे टोळीतले असतात की बागायतदार? आपल्या वाशीम जिल्ह्यातल्या तांड्यावस्त्यांवरूनही दसरा-दिवाळीनंतर माणसं पोटासाठी बाहेर पडतात, कोणी ऊसतोडीला, कोणी पुण्या-मुंबईच्या बांधकामावर. त्यांच्याकडे कोणी बोट दाखवलं तर आपल्याला चालेल काय? गाव सोडल्यानं रोग होत नाही. सहा-सहा महिने घरापासून लांब, दवाखान्यापासून लांब, उचलीच्या ओझ्याखाली राहावं लागतं, त्यातून धोका वाढतो. शिवाय सक्तीची तपासणी बेकायदेशीर आहे. संमतीशिवाय कोणाची एचआयव्ही तपासणी करायची नाही, झालेली तपासणी कोणाला सांगायची नाही, लागण आहे म्हणून कोणाला कामावरून, शाळेतून, दवाखान्यातून हाकलायचं नाही, असा २०१७ चा कायदा आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्याही आधी, १९९७ साली, मुंबई उच्च न्यायालयानं एका हंगामी मजुराच्या बाजूनं निकाल दिला होता. कोर्टात त्याचं नावसुद्धा उघड होऊ दिलं नव्हतं. काम करण्याइतका धडधाकट असेल तर लागण आहे एवढ्याच कारणानं त्याला नोकरी नाकारता येणार नाही, असा तो निकाल.

तिसरी हरकत अशी की, कारखान्याचं काम साखर काढणं, दवाखाना चालवणं नव्हे. यावर माझं म्हणणं असं की, कोयता थांबला तर गव्हाणीत काय टाकणार? एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. त्यातलं एक माणूस आजारी पडलं की कोयता मोडला. आपण बैलांना लसी टोचून घेतो, ट्रॅक्टरचा विमा उतरवतो. माणसाच्या बाबतीतच आपला हिशेब कच्चा का? आणि कायद्यानं तर कारखान्यावर एक जबाबदारी टाकलेलीच आहे. शंभर किंवा त्याहून जास्त माणसं जिथे काम करतात अशा प्रत्येक आस्थापनेनं या कायद्याखाली एक तक्रार अधिकारी नेमायचा असतो. तो नेमलेला असेल तर त्याचं नाव आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे?

टीका करणं सोपं आहे. म्हणून येत्या गळीत हंगामासाठी काही सूचना संचालक मंडळापुढे आणि सर्व सभासदांपुढे नम्रपणे ठेवतो.

एक, बॉयलर पेटण्याआधी टोळ्यांतल्या बायकांची एक आणि पुरुषांची एक अशा वेगवेगळ्या बैठका घ्याव्यात. तिथे मुकादम नको, साहेबांचं भाषण नको आणि हार-तुरे तर अजिबात नकोत. जमिनीवर सतरंजी टाकून विचारायचं की, बाई, दुखण्याखुपण्यात तुला काय अडतं? जे सांगतील ते लिहून घ्यायचं. मला खात्री आहे की आपण मनाशी ठरवून गेलेल्या दहा गोष्टींपैकी आठ त्यांच्या यादीत नसतील, आणि आपल्या स्वप्नातही नसलेल्या आठ निघतील. कदाचित पहिली मागणी औषधाची नसून आंघोळीच्या आडोशाची निघेल. तर मग तोच आधी बांधावा. आडोसा बांधणाऱ्यावर विश्वास बसला की बाई पुढचं बोलते.

दोन, महिन्यातून एक दिवस कोणालाही, कारण न विचारता, दवाखान्यासाठी सुट्टी मिळावी आणि त्या दिवसाचा खाडा लावू नये. कारण न विचारता, या शब्दांवर माझा भर आहे. कोणी ताप दाखवायला जाईल, कोणी गोळ्या आणायला. कोण कशाला गेलं हे कोणाला कळायचं कारण नाही. याचा भार किती पडेल तो कारखाना, वाहतूकदार आणि आपण शेतकऱ्यांनी मिळून वाटून घ्यावा.

तीन, तपासणी शिबिर घ्यायचं तर ते सगळ्या दुखण्यांचं घ्यावं. रक्तदाब, साखर, अंगातलं रक्त, क्षयरोग, गरोदर बायकांची तपासणी, आणि त्यातच ज्याची इच्छा असेल त्याची एचआयव्ही तपासणी. ‘एड्स तपासणी शिबिर’ असा कापडी फलक लावला की त्या मांडवाकडे कोणी फिरकणार नाही, हे लिहून घ्या. शिबिरात पहिली नावं संचालकांची आणि बागायतदारांची असावीत. शेजाऱ्याच्या पिकाचं मी मघाशी बोललो ते इथे लागू करायचं.

चार, ज्यांची औषधं चालू आहेत त्यांना आपलं कार्ड दाखवून जवळच्या एआरटी केंद्रातून गोळ्या मिळवता येतात, आणि निघतानाच मूळ केंद्रातून जास्त दिवसांच्या गोळ्या मागता येतात. हे टोळी घरून निघण्याआधीच, उचल देतानाच सगळ्यांना सांगितलं पाहिजे. एकट्याला बाजूला घेऊन सांगायचं नाही, सगळ्यांना एकत्र सांगायचं. म्हणजे ज्याचं त्याला कळतं. १०९७ हा सरकारचा मोफत मदतीचा फोन नंबरही त्याच वेळी सांगून टाकावा.

पाच, टोळ्यांमधल्याच दोन-चार जाणत्या बायकांना शिकवून, मानधन देऊन हे काम सोपवावं. आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव काट्याजवळच्या फलकावर ठळक अक्षरात लावावं.

याला फार मोठा खर्च नाही. मोठी अडचण आपल्या मनाची आहे. आपल्याला सांगायची सवय आहे, विचारायची नाही. सभासद म्हणून आपण स्वतः मात्र वार्षिक सभेत किती तावातावानं उठतो! भाव ठरवताना आम्हाला विचारलं का, असं म्हणून टेबल बडवतो. बरोबरच आहे, तो आपला हक्क आहे. पण ज्यांच्या हातावर आपला हंगाम उभा असतो त्यांनी असं कधी विचारलं तर आपल्याजवळ काय उत्तर आहे?

आमच्या गावच्या त्या ड्रायव्हरच्या बायकोचं सांगायचं राहिलं. नवरा गेला तेव्हा लोक म्हणाले होते, ही आता वर्षा-दोन वर्षांची सोबतीण. पुढे मोफत औषध सुरू झालं, आणि ती महिन्याच्या महिन्याला एसटीनं जाऊन गोळ्या आणू लागली. वर्षं गेली. ती आजही आहे. मुलगा ट्रॅक्टर चालवतो, आणि दरवर्षी माझाच ऊस कारखान्यात पोचवतो. त्याच्या लग्नाच्या पंगतीला मी पोटभर जेवलो. तिनं स्वतः वाढलं. त्या चहाबद्दल मात्र मी तिच्याशी कधीच बोललो नाही. तिनं तो ओळखला असणार, बायका ओळखतात. हा अंक तिच्या मुलाच्या हाती पडेल आणि तो घरी वाचून दाखवील, म्हणून इथेच लिहून ठेवतो की, वहिनी, त्या दिवशी मी चहा घेतलेला नव्हता.

कळावे, लोभ असावा.

— एक ऊस उत्पादक सभासद, जि. वाशीम